दोष हिच्यातच आहे

राहाता, गुरुवार, मार्च १९७२

आज श्रीरामपूरच्या डॉक्टरीणबाईंनी माझे सगळे कागद पाहिले आणि म्हणाल्या, "तुमच्यात काही दोष दिसत नाही. आता तुमच्या मिस्टरांची तपासणी करू." आमची सुमी सात वर्षांची झाली. दुसऱ्या मुलासाठी चार वर्षं मी एकटीच तपासून घेतेय. हे शेजारी बसले होते, ताडकन उठले. "मला एक मुलगी आहे. माझी कसली तपासणी?" तसेच एसटीने परतलो.

घरी सासूबाई वाटच बघत होत्या. "काय म्हनली डॉक्टरीण?"

यांनी चपला काढता काढता सांगितलं, "दोष हिच्यातच आहे."

इतक्या सहज! माझ्यादेखत!

मी का नाही बोलले? कागद माझ्या पिशवीतच होते. पिशवी छातीशी धरून नुसती उभी राहिले.

जेवताना सासूबाई म्हणाल्या, "मंग दुसरी बघावी लागंल." हे भाकरी मोडत राहिले. नाही म्हणाले नाहीत. खरं काय ते ठाऊक असून नाही म्हणाले नाहीत.

जेवणं उरकल्यावर सुमीला जवळ घेतलं, तर ती कळवळली. "आई, एवढं घट्ट नको धरू. दुखतंय."