शेवटचे तीन आकडे

विलेमस्टाड, कुरासाव
मंगळवार

आई, आधी आशीर्वाद दे, मग रागाव. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून हे पत्र.

मी धडधाकट आहे. हॉटेलात पोटभर मिळतं, पण कच्ची केळी उकडून कुस्करून तू करतेस त्या मांगूची चव इथल्या केळ्यांना नाही.

तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशनचे पैसे आज पाठवले. बँकेच्या कोडातली आठ अक्षरं तू चोख सांगितलीस. पुढचे तीन आकडे, म्हणजे आपल्या गावच्या शाखेचे, विचारले तर माझ्यावरच खेकसलीस, "ते रविवारनंतर! त्यांच्यावर मी लॉटरी लावलीय. सोडतीआधी नंबर तोंडातून काढला की जळतो, एवढंही कळत नाही?"

इथल्या काउंटरवरची बाई म्हणाली, "आकडे नसतील तर पैसे तुमच्या राजधानीत, सांतो दोमिंगोच्या मुख्य कचेरीत जातील. आईंना सहीला स्वतः जावं लागेल."

म्हटलं, "जाऊ देत."

'सांतो दोमिंगोत जीव गुदमरतो' म्हणत तीन वर्षं ऑपरेशन टाळलंस, आता जाणं भाग आहे. नेरेइदाताई तुला घ्यायला स्टँडवर येईल. इस्पितळ बँकेसमोरच आहे, पुढच्या शुक्रवारची वेळही तिने घेतलीय. कोंबड्या शेजारच्या फेलिसियामावशीकडे ठेव. डाव्या डोळ्याने अजून दिसतं ना गं? खरं सांग.

आणि हो, ते तीन आकडे तुझ्या पासबुकावर छापलेत. त्याचा फोटो वर्षभर माझ्याकडे आहे. पण काउंटरवर मी तोंड मिटून उभा राहिलो. तुझा नंबर जळायला नको ना!

तुझाच लबाड धाकटा,
आर्सेनियो