डब्यातली आई

८ जानेवारी
आलं एकदाचं यंत्र! दादाने पुण्याहून पाठवलं. कॅमेरा वर, अरूच्या पाळण्यासमोर. छोटा पडदा माझ्या हातात, खाली. आमचं कबनूरचं घर असंच — खाली बारा माग, वर आम्ही. दिवसभर खडखडाट. मी खाली कापड तपासत बसते, पोरगं वर रडून निळं झालं तरी कळायचं नाही. आता पडद्यात दिसेल. बटण दाबलं की माझा आवाज वर जातो आणि कॅमेऱ्यावर हिरवा दिवा लागतो.

आक्कांचा शेरा आलाच. सासू कसली, फौजदार! "आमी पाच पोरं वाढीवली, ती काय डब्यात बघून व्हय?"

११ जानेवारी
हसला! बटण दाबून "अरू, ए राजा" म्हटलं आणि कॅमेऱ्याकडे बघून बोळकं पसरलं. पाच महिने हाका मारतेय, पहिल्यांदा ओ मिळाली. मला रडूच फुटलं.

पलीकडच्या मागावरून ज्ञानूने हातानेच विचारलं, काय झालं? मागांच्या आवाजात तोंडाने बोलतंय कोण! अंगठा ओठाला म्हणजे चहा. कुणी चहाला निघालं की शेजारचा छातीवर हात ठेवतो — मी आहे, तू जा. शाहूपुरीतून लग्न होऊन आले तेव्हा वाटलं होतं, ही माणसं मुकी आहेत की काय! आता मीही त्यांच्यातलीच. हातानेच सांगितलं — पोरगं हसलं.

१५ जानेवारी
रोज हसतो. आज डब्यातून अख्खी अंगाई म्हटली. ऐकली शहाण्याने.

२० जानेवारी
काहीतरी बिनसलंय. खोलीत जाऊन मागून हाक मारली. मान वळवली नाही. परत मारली. नाही. खाली येऊन बटण दाबलं — लगेच हसू! म्हणजे डब्यातली आई चालते, हाडामांसाची नको. समोर गेले की हसतो, पण तसा तो दूधवाल्यालाही हसतो.

आक्कांना कशाला सांगितलं कोण जाणे. "आई सदा खाली. पोरगं वळखंल कुणाला? डब्यातली आई झालीस बघ तू."

नवऱ्याने, महावीरने, मोबाईलमधून डोकंही वर काढलं नाही. "तू लई इचार करतीस."

करते. दुसरं कोण करणार?

२१ जानेवारी
परत हाक मारली. नाही.

२६ जानेवारी
माग बंद, सुट्टी. घर इतकं शांत की भीती वाटते. दुपारी नणंदेच्या, आदितीच्या हातून स्टीलची परात सुटली, ती थेट पाळण्याखाली. केवढा आवाज! मी किंचाळले. अरू झोपलेलाच. नणंदबाईंचे डोळे मोठे. "वहिनी, ह्यो हालला पण न्हाय की!"

आक्कांची छाती फुगली. "मागवाल्याचं पोर हाय त्ये. त्येला परातीचं काय कवतिक?"

आम्हीही हसलो. आक्का खुशीत, मग रात्रीच्या भाकरीला कुणी नाव ठेवलं नाही. माहेरी, शाहूपुरीतही असंच झालं होतं. गणपतीत खिडकीखाली डीजे, काचा थरथरत होत्या, आणि महिन्याभराचा अरू गाढ झोपलेला. आई सगळ्यांना सांगत सुटली होती — गुणाचं गं बाळ!

गुणाचं आहेच. मीच त्याला आवडत नाही.

३१ जानेवारी
न्हाऊ घालताना काही बोलले नाही. बोलून उपयोग काय? आज उठून ते यंत्र फेकून द्यावंसं वाटलं. पण ते गेलं तर तेवढं हसूही जाईल. बाकी माझ्याकडे आहे काय? आक्का म्हणतात तेच खरं असणार. काही बायका आई होतात, काही नुसत्या बाळंत होतात.

आज सहा वार कापडात तुटलेले धागे तसेच गेले, मला दिसले नाहीत.

३ फेब्रुवारी
सर्दी, त्यात कापसाची धूळ. घसा पार बसला. अंगाई नाही.

४ फेब्रुवारी
घशातून आवाज म्हणून निघत नाही. पडद्यात तो जागा दिसला. सवयीने बटण दाबलं, तोंड उघडलं — नुसती हवा. आणि तो हसला. तस्साच! परत दाबलं, तोंड मिटून. हसला.

वर गेले. हिरव्या दिव्यावर चिकटपट्टी लावली. आदितीला खाली पाठवून बोलायला लावलं. डब्यातून "अरू, अरू" — खोली दणाणली. तो आपल्या मुठीकडे बघत पडला होता.

डीजेत गाढ झोपला, तेव्हा शाहूपुरीत कुठे होते माग?

माझा लेक मला नको म्हणत नव्हता. मी त्याला कधी ऐकूच गेले नाही. एक हाकसुद्धा नाही.

आक्कांना अजून सांगितलं नाही. पाळण्यासमोर जमिनीवर बसले, त्याला दिसेन अशी. छातीवर हात ठेवला. तो हाताकडे बघत राहिला.