दीड वर्षाचा सूड

पिंपळगाव रेणुकाई
८ जून १९९२

ती. गिरिजामावशीस बेबीनंदाचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल, एक मी सोडून. मला माहेरी आणून घातल्याला होळीला वर्ष झालं. परवा बाजारात माझ्या सासरच्या बाजूचे, कुंभार पिंपळगावकडचे पाहुणे दादाला भेटले. त्यांनी सांगितलं की माझ्या नवऱ्यासाठी, मच्छिंद्रसाठी दुसरी मुलगी बघून राह्यले, आणि माझी सासू तुळजाबाई चारचौघींत म्हणते की वांझ गाईला दावणीला बांधून कुणी वैरण घालतं व्हय. सात वर्षं मी त्या घरात राबले, मावशी. माझा नुसता जळफळाट होतो आहे. रडू आता येत नाही.

दादा म्हणतो, जालन्यात स्टँडजवळ नर्सिंग असिस्टंटच्या क्लासची पाटी लागली आहे. दहावी पास चालते, सहा महिन्यांत सर्टिफिकेट आणि पांढरा ड्रेस. तो ड्रेस घालून मला एकदा त्यांच्या दारावरून जायचं आहे, बस. तू इतकी वर्षं दवाखान्यात आया आहेस, तुला यातलं कळतं. नाव घालू का ते जल्दी कळव.

लोभ असू दे, आणि तुझ्याकडचा थोडा रागही माझ्यासाठी राखून ठेव.

तुझी,
बेबीनंदा

जालना
१५ जून १९९२

चि. बेबीनंदास मावशीचे अ. आ.

तुझं पत्र वाचता वाचता चुलीवरचं दूध उतू गेलं. ते मी तुझ्या सासूच्या नावावर मांडून ठेवलं आहे.

तो क्लास मी स्वतः जाऊन बघून आले. दोन खोल्या, प्लास्टिकचा एक सांगाडा, आणि शिकवणारे सर कधी येतात ते तिथल्या मुलींनाही ठाऊक न्हाई. तिथून निघालेल्या दोघी आमच्या गल्लीतल्या खाजगी दवाखान्यात आहेत. ट्रे धरतात आणि केर काढतात. डॉक्टर ठेवतो, डॉक्टरची बायको काढते. तुला एका घरातून काढलंच आहे, अजून हौस बाकी आहे का?

आणि तू ड्रेस घालून दारावरून गेलीस तर म्हातारी दार लावून घेईल, झालं. सूड घ्यायचा तर पक्का घे. सरकारी ए.एन.एम.चा, म्हणजे गावच्या नर्सचा, कोर्स दीड वर्षाचा आहे. औरंगाबादेत राहायचं, मंग एखाद्या गावचं उपकेंद्र मिळतं. गावातल्या प्रत्येक घरात नर्सला जावंच लागतं आणि तिच्या तोंडावर कुणी दार लावत न्हाई. तुझे मार्क बेताचे आहेत हे मला माहीत आहे, पण नवऱ्यानं टाकलेल्या बायांसाठी काही जागा राखलेल्या असतात. तसा लेखी पुरावा मात्र लागतो. शब्द वाईट आहे. पण फुकट टाकून घेतलंस, आता त्याचं काहीतरी वसूल कर.

माझी माया आहेच, ती कामाला लाव.

मावशी

पिंपळगाव रेणुकाई
३० जून १९९२

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

काम झालं. परवा मच्छिंद्र स्वतःच फारकतीचा कागद घेऊन आला. त्यात लिहिलं होतं की ही आपल्या मर्जीनं नांदायला येत नाही. दादा त्याच्या अंगावर धावला होता, मी मधे पडले. मी सांगितलं की सही करते, पण त्यानं आपल्या हातानं लिहावं की मूल होत नाही म्हणून मी हिला टाकली आहे. त्याचं लग्न ठरलेलं, घाई त्याला. त्याला वाटलं, बाई जाता जाता मनाला लावून घेते आहे. पंचांसमोर त्यानं झोकात लिहून दिलं. मी चहा केला, साखर जरा जास्तच घातली.

तोच कागद लावून अर्ज टाकला आहे. मला आशीर्वाद दे, त्याला काय द्यायचं ते मी बघते.

तुझी,
बेबीनंदा

औरंगाबाद
२१ फेब्रुवारी १९९३

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

मी बरी आहे. हॉस्टेलची डाळ पाणीदार आहे, पण इथं कुणी टोचून बोलत नाही.

काल वर्गात आमच्या सिस्टरबाईंनी शिकवलं की जोडप्याला मूल होत नसेल तर आधी पुरुषाची तपासणी करावी, ती सोपी असते. माझ्या हातातली पेन्सिल मोडली. तालुक्याच्या डॉक्टरनं मला दोनदा टेबलावर घेऊन तपासलं होतं आणि दोन्ही वेळा माझ्यात दोष नाही म्हणून सांगितलं होतं. तुळजाबाईचं म्हणणं, डॉक्टर नवा आहे, त्याला काय कळतंय. किती उपास, किती गंडे! आणि तिच्या लेकाला साध्या खोकल्यासाठीसुद्धा कुणी नेलं नव्हतं. मावशी, मी त्यांना सोडणार नाही.

आठवण ठेव, मी सगळंच ठेवते आहे.

तुझी,
बेबीनंदा

उपकेंद्रातून
१२ ऑगस्ट १९९५

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

नेमणुकीच्या वेळी मी माझ्या सासरच्या वाडीचंच उपकेंद्र मागून घेतलं. रस्ता नाही म्हणून ते कुणी घेत नव्हतं. साहेब खूश झाले.

नव्या नर्सला आधी घरोघर पाहणी करावी लागते. त्यांचं घर मी मुद्दाम शेवटी ठेवलं, तोवर बातमी गल्लीभर झाली होती. तुळजाबाईनं घोंगडी टाकली, मान वर केली नाही. पाच वर्षांच्या आतली मुलं किती, असं मी विचारलं. ती पुटपुटली. मला ऐकू आलं तरी मी पुन्हा विचारलं. ओट्यांवरच्या बाया हातातलं काम सोडून बघू लागल्या. मंग तिला मोठ्यानं सांगावं लागलं की एकबी न्हाई. त्या दिवशी मला फार भूक लागली.

पुढच्या आठवड्यात मच्छिंद्रची दुसरी आली, चांगुणा. मूल होण्यासाठी काय प्यावं, असं विचारत होती. म्हातारी म्हणते, वैशाखातल्या आखाजीपर्यंत वाट बघू, न्हाईतर तिसरी आणू. मला वाटलं होतं हिचा राग येईल. आला नाही, आणि त्याचाच मला राग आला. सिस्टरबाईंनी शिकवलेलं मी तिला एकटीला सांगितलं, नवऱ्याला घेऊन ये म्हटलं. तो म्हणाला, मर्दाला कसली तपासणी, आणि तिला काठीनं मारलं. वळ मीच धुतले.

आता भर बाजारात ओरडून सांगावंसं वाटतं. सांगू का? तुझ्या उत्तरावर अडून आहे.

तुझी,
बेबीनंदा

जालना
२० ऑगस्ट १९९५

चि. बेबीनंदास अ. आ.

माझं मन विचारशील तर भोंगा भाड्यानं आणून सांग. पण तसं बिलकुल करू नको. तपासणी झालेली न्हाई. लोक म्हणतील सवतीचा जळकुटेपणा. तुझी नोकरी जाईल, आणि मार खाईल ती पोरगी.

दुसरं बोलते, राग आला तर येऊ दे. आमच्या मोठ्या सिस्टर सांगत होत्या की बारावी बाहेरून दिलीस तर पुढं तीन वर्षांच्या जनरल नर्सिंगला जाता येईल. तुझं त्यावर एक अक्षर न्हाई. त्यांच्या दारात ठाण मांडून बसलीस म्हणून तू खूश. अगं, दार तर अजून त्यांचंच आहे ना? हा कसला सूड, ज्यात राखण तूच करायची? घ्यायचा तो घे आणि निघ तिथून.

रागावलीस तरी पत्र टाक, रागातलंही चालेल.

मावशी

उपकेंद्रातून
२७ जून १९९६

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

तुझ्या त्या पत्रावर मी बरेच दिवस चिडून होते, म्हणून मधे नुसतं खुशालीचं लिहीत गेले. तू बराबर बोलली होतीस. झोंबलं ते त्याचमुळे.

मंग एकदा चांगुणाला विचारलं की शिक्षण किती. पोरगी बारावी पास, मार्क माझ्यापेक्षा कितीतरी चांगले! मी तिला सांगितलं की सहा महिन्यांचं काही नको, दीड वर्षाचंही नको, तू थेट तीन वर्षांच्या जनरल नर्सिंगचा अर्ज टाक. तिच्या वडिलांना निरोप धाडला. ते आधी लोक काय म्हणतील म्हणत होते. तिच्या पाठीवरचे वळ बघितल्यावर तिला न्यायला तयार झाले. सोमवारी भर दुपारी, सगळ्यांदेखत, ती आपली पेटी उचलून त्यांच्याबरोबर चालत फाट्यावर गेली आणि एसटीत बसली. मच्छिंद्र नुसता बघत राहिला. मला त्या घरानं टाकलं होतं. हिनं ते घर टाकलं.

आता तिसरी कुणी देईना. दोघी गेल्या म्हटल्यावर गावात आपोआप कुजबुज सुरू झाली आहे, आणि ती बायांबद्दलची नाही. मी एक शब्द बोललेले नाही. शेजारीण मात्र मला रोज सगळं ऐकवते आणि मी रोज ऐकते.

चांगुणा मुलाखतीसाठी तुझ्याकडे उतरेल. बारावीची पुस्तकं ती मला देऊन गेली आहे. मी बाहेरून परीक्षेला बसते आहे, आणि बदलीचा अर्जही दिला आहे. इथलं माझं काम संपत आलं.

आज तुळजाबाई उपकेंद्रात आली होती. मनगट सुजून टम्म. धारा काढायच्या, दळायचं, चूल, सगळं आता एकटीवर. मी तिला रांगेत बसवलं, नंबर आल्यावर घेतलं. मनगट नीट बघितलं, पट्टी बांधली, गोळ्या दिल्या, कसूर केली नाही. आणि इथं येणाऱ्या सगळ्या म्हाताऱ्यांना सांगते तेच तिलाही सांगितलं, की महिनाभर या हाताला आराम द्या, भाकरी सुनेला थापू द्या.

चांगुणाला पोटभर जेवू घाल, उरलेली माया मला.

तुझी,
बेबीनंदा