चौथ्या मजल्यावरच्या तीन उशा

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच मानून घे. प्रत्यक्षात घातला तर मला उठवायला दोन माणसं लागतील.) तुझा गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला गेला, की अजून खोकून खोकून सगळ्या घराला कामाला लावतात? मी बरा आहे. जेवतो वेळेवर, झोपतो जमेल तसा.

तुझं पत्र मिळालं. "ती जाऊन वर्ष होत आलं, आता त्या कोंबड्या देऊन टाक आणि माझ्याकडे येऊन राहा," हे तू तीनदा लिहिलं आहेस, त्यात दोनदा खाली रेघ मारून. ताई, तू थोरली. पण या वेळी जमत नाही. का, ते सांगतो. गॅसवर काही असेल तर बंद करून ये, कारण लांबण लागणार आहे.

कोंबड्या हिने आणल्या, मी नव्हे. शहर सोडून जाणाऱ्या एका गिऱ्हाइकाने तीन पिल्लं हिच्या हातात ठेवली आणि ही ती पदराखाली घेऊन चार जिने चढून आली. मी म्हटलं, अगं, शहरात कोंबड्या पाळायला बंदी, इमारतीच्या नियमावलीत बंदी, आणि माझ्या मनात तर त्याहून कडक बंदी! ही काही बोलली नाही. हिची रीत तुला ठाऊक आहेच. एकतीस वर्षं आम्ही दुकानात समोरासमोर शिवायला बसलो, पण माझी शिवण चुकली तर तोंडाने म्हणून कधी सांगितलं नाही. निळ्या खडूने कपड्यावर एक फुली मारायची आणि माझ्या पुढ्यात सारायची. एक फुली म्हणजे उसवा आणि नीट शिवा. दोन फुल्या म्हणजे कपडा हातचा गेला, चिंध्यांत टाका. दोन फुल्या मला उभ्या आयुष्यात तीनदा मिळाल्या. (त्यातली एक वेळ दाजींच्या कोटाची. तो कोट "चोरीला" गेला नव्हता. आता सांगायला हरकत नाही.)

तर पिल्लं राहिली. हिने नावं ठेवली काज, बटण आणि झालर. दुकान सांभाळायला मला बसवून ही चारला घरी यायची, आतल्या खोलीत पायमशीनवर बसायची, आणि तिघी हिच्या पायांशी. ही शिवता शिवता दाणे टाकायची. मी मात्र घरी आलो की आधी पायाखाली बघायचो आणि मग शिव्या द्यायचो.

ही गेली. मी मशीनचा पट्टा काढून कपाटात ठेवला, दुकान आवरलं, खडूचे डबेसुद्धा वाटून टाकले. कोंबड्याही देणार होतो. पण रोज दुपारी चारला तिघी उठतात, एकामागे एक आतल्या खोलीत जातात आणि रिकाम्या खुर्चीभोवती बसतात. माना वर करून थांबतात. मग माना खाली घालतात आणि टिपायला लागतात. ताई, मी दाणे टाकलेले नसतात. पहिल्यांदा मी हसलो, म्हटलं सवय आहे बिचाऱ्यांची. पण डब्यातले दाणे कमी होतात, आणि डबा मी माळ्यावर ठेवलाय.

गेल्या महिन्यात खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई वर आल्या. नवीन आहेत, हिला कधी पाहिलेलं नाही. मला वाटलं, झालं, आता कोंबड्यांवरून भांडण. तर म्हणतात, "कोंबड्यांचं काही नाही हो, पण तुमच्या मिसेसना सांगा ना, दुपारी मशीन जरा हळू चालवा म्हणावं. मी वह्या तपासत असते." मी "सांगतो" म्हणालो. दुसरं काय म्हणणार? दार लावून घेतलं आणि कपाट उघडून पाहिलं. पट्टा तिथेच होता, पण हाताला कोमट लागला.

आणि काल पाहणीवाला आला. महापालिकेचा, कोणीतरी कोंबड्यांची तक्रार केलीय म्हणून. मी कोपऱ्यावर दोरा आणायला गेलो होतो (शिवत काही नाही, पण दोरा आणायची सवय सुटत नाही). परत येतो तो हा गृहस्थ जिना उतरतोय. म्हणाला, "घर पाहिलं. बाईंनी दाखवलं सगळं. कोंबड्या काही दिसल्या नाहीत. खुर्चीखालच्या तीन उशा मात्र काय सुरेख शिवल्यात हो, पिसासारखं कापड!" मी जिन्यावरच बसलो. मग जरा आवाज उतरवून म्हणाला, "बाईंना डॉक्टरला दाखवा. पाणी देताना हात लागला, फार गार होता." वर आलो. कुलूप मी लावलं होतं तसंच होतं. आत टेबलावर अर्धा पेला पाणी, आणि खुर्चीखाली तिघी, चोची पिसांत खुपसून, गप्प.

पण गोष्ट इथे मिटत नाही. तक्रार लेखी आहे, आणि लेखी तक्रारीला एकाची पाहणी पुरत नाही म्हणे. पुढच्या गुरुवारी मोठे साहेब येणार, सापडल्या तर कोंबड्या उचलून नेणार. जाता जाता त्याने मला तक्रारीची नक्कल दिली आणि सांगितलं की तक्रारदाराने स्वतः येऊन सही करून ती मागे घेतली तर फाइल बंद. "बंदी आहेच हो, पण तक्रार नसली की कोंबड्या आम्हाला दिसत नाहीत." सगळी इमारत त्या निनावी तक्रारदाराला शिव्या घालतेय. सर्वांत मोठ्याने मी.

कोंबड्या गेल्या तर ही यायची थांबेल, ताई. एवढंच आहे. मला भीती वाटते ती ही येते याची नाही. ही सगळ्यांना भेटते, शिक्षिकाबाईंना ऐकू येते, परक्या माणसाला पाणी देते. मला वर्षभरात एकदाही दिसली नाही. चारला मी त्या खोलीच्या दारात उभा राहतो. कोंबड्या माझ्याकडे बघतात, आणि खुर्ची रिकामीच असते.

दाजींना नमस्कार.

तुझा,
बारक्या

ता. क. : खरं म्हणजे पत्र याचसाठी. पुढच्या गुरुवारच्या आत कोणाला तरी पाठव आणि आठ दिवस तिघींना तुझ्या गच्चीवर ठेव. सोबत खुर्चीही पाठवतो. चारला तिथे कोणी बसलंय असं वाटलं तर दचकू नकोस, जरा सरकून बस.

ता. क. दुसरा : तू विचारशील, तुलाच का दिसत नाही रे? ती तक्रार माझीच आहे. ही धडधाकट असताना केली, झालरने माझा चष्मा फोडला त्या दिवशी. कार्यालयाला हलायला दीड वर्ष लागलं. सही केली नव्हती, अक्षरही डाव्या हाताने काढलं होतं. पण शहाण्यासारखी लिहिली ती दुकानातल्या मापांच्या वहीच्या पानावर. नकलेत मागची बाजूही आलीय, छाती, कंबर, बाही. ती वही हिच्याच हाताखालची, तक्रार हिने तेव्हाच बघितली असणार. दाजींना सांगू नकोस.

ता. क. तिसरा : पाकीट चिकटवायला डिंक घ्यायला आत गेलो, तेव्हा चार वाजून गेले होते. नक्कल मी टेबलाच्या खणात ठेवली होती, ती मशीनवर होती. तिच्यावर निळ्या खडूची फुली आहे. घरात खडूचा तुकडासुद्धा नाही. चष्मा पुसून पाहिलं, खिडकीशी नेऊन पाहिलं, कागद उलटून छाती-कंबर-बाहीवरही पाहिलं. तू कोणाला पाठवू नकोस. उद्या सकाळी मी कार्यालयात जाऊन सगळ्यांदेखत सही करतो. ताई, एकच फुली आहे.