जावयांची चारचाकी

९ सप्टेंबर

तीर्थरूप बाबांना नमस्कार,

बरेच दिवस पत्र नाही, माफ करा. आधीच सांगते, आम्ही दोघं सुखरूप आहोत. माझा राग मात्र अजून उतरलेला नाही.

तुमच्या जावयांनी नवी फोर-बाय-फोर जीप घेतली आणि रविवारी मला शेजारी बसवून थेट टेकडीमागच्या चिखलात घातली. ती रुतली. मी म्हटलं, "अहो, तो छोटा दांडा ओढा, पुढच्या चाकांनाही जोर मिळू दे."

तर म्हणतात, "अगं, चारचाकीच आहे ही! चारही चाकं फिरणारच."

मग मला उतरवून ढकलायला लावलं. फिरत होती मागची दोनच, आणि सगळा चिखल माझ्या तोंडावर. वर हसले!

शेवटी मी त्यांना उतरवलं, दांडा ओढला आणि तुम्ही शिकवलं होतं तशी हळूहळू गाडी बाहेर काढली. घरी आल्यावर शेजाऱ्यांना सांगतात, "काय दमदार गाडी आहे, आपली आपण निघाली!"

मी उगाच चिडते आहे का, असं दोन दिवस स्वतःला विचारलं. नाही, बाबा. उगाच नाही.

तुमचा गुडघा कसा आहे? आई गोळ्या घेते ना?

तुमची,
धाकटी

उद्याचं काम: जीपची दुसरी किल्ली घेणे. मागणे नव्हे, घेणे.