तापलेला डावा हात

रविवार, संध्याकाळ. अकोट.

ताप उतरला नाही, पण हे लिहिल्याशिवाय पडणार नाही. अमरावतीच्या तलवारबाजी स्पर्धेत सकाळपासून अंग फणफणत होतं. आमच्या कोच मॅडमना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी खेळूच दिलं नसतं. चुकलं का माझं? चुकलंच असेल.

पण लढत संपली की मास्क काढून हात मिळवावाच लागतो, तोही हातमोजा नसलेला. तलवार उजव्या हातात, म्हणून माझा डावा. सेमीफायनलला बडनेऱ्याच्या पोरीला हरवलं आणि ती माझा हात सोडेचना.

"तुले ताप हाय ना वं?"

मॅडम चार पावलांवर उभ्या होत्या. हिने नुसती हाक मारली असती तरी माझी फायनल गेली असती. माझ्याकडून हरलेली पोरगी, कशाला गप्प बसेल?

"जाय, खेळ," ती म्हणाली.

फायनल चौदा-पंधराने हरले. पण एक पाऊलही फुकट मागे घेतलं नाही, हे छाती ठोकून लिहिते. मग तो डावा हात मीच मॅडमपुढे केला.

"काहून नाई सांगतलं?" म्हणत त्या खूप ओरडल्या. नंतर तोच हात धरून हॉलभर सांगत सुटल्या, "तापात चौदा गुण घेतले माह्या पोरीनं!"