सकाळच्या ड्यूटीचे पाय

आई, तुझ्या पायांना काय झालं होतं ते आज मला माहीत आहे. कधी एकदा तुला सांगते असं झालंय.

गुढियारीच्या घरात तू दोन्ही वेळचा स्वयंपाक सकाळीच उरकायचीस. दिवस कलला की तुझं डावं पाऊल आत वळायचं, मग भिंत धरून चालायचीस. आजी म्हणायची, काम दिसलं की हिचे पाय दुखतात, सगळी नाटकं. बाबा रेल्वेत, म्हणून तुझं उत्तरही तसंच असायचं, "माहे पाय सकाळच्या ड्यूटीचे हायेत. संध्याकाळी त्यायले सुट्टी." आम्ही सगळे हसायचो, तूही हसायचीस.

आता तुझ्या नातीचं पाऊल तसंच वळायला लागलं. सकाळी शाळेत उड्या मारत जाते आणि मी नवा रायपूरहून ऑफिस करून येते तर पोट्टी सोफा धरून उभी. एक डॉक्टर म्हणाले, जन्माच्या वेळी मेंदूला इजा झाली असेल, हे असंच राहणार. मग समता कॉलनीत मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. सकाळी कशी चालते, त्यांनी विचारलं, आणि माझ्या तोंडून तुझंच वाक्य निघालं. बाई लिहिता लिहिता थांबल्या. हे कोण म्हणायचं, त्यांनी विचारलं, आणि मी तुझ्याबद्दल बोलतच सुटले. तपासण्या झाल्या, डिस्टोनियाचा एक दुर्मिळ प्रकार निघाला. हालचालीला लागणारं रसायन मेंदूत कमी बनतं, झोपेनंतर जरा पुरतं, संध्याकाळपर्यंत संपतं. नाटक नव्हतं गं, रसायन होतं! कंपवाताच्या म्हाताऱ्यांना देतात तीच गोळी, तिचा जरासा तुकडा पुरतो. तुलाही पुरला असता. त्याचा राग येतो, पण सध्या मला रागावायला सवड नाही.

कारण गोळी सुरू होऊन थोडेच दिवस झालेत, दिवेलागणीची वेळ आहे, आणि पोट्टी दारात उभी राहून विचारते, "मम्मी, दौड़ के आऊँ?" आणि धावतेय, आई, दोन्ही पावलं सरळ टाकत. आजी असती तर मी तिला हाताला धरून दारात आणलं असतं, हे बघायला.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, तेव्हा खरं सांगायला हरकत नाही. रोज संध्याकाळी मी पोरीला कोपऱ्यावरच्या दुकानातून साखर आणायला धाडते. घरात साखर भरपूर आहे.